मशीन बंद, तरी झेड जागेवर: उभा ॲक्सिस घसरू नये म्हणून काय करायचं

संध्याकाळी मशीन बंद करून गेलात आणि सकाळी पाहता तर एंडमिलचं टोक व्हाइसवर टेकलेलं. किंवा भर दुपारी लाइट गेली आणि भोक पाडत असलेलं ड्रिल जॉबमध्ये रुतून मोडलं. सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत नव्यानं लागलेल्या मुलांकडून या दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. लूमचे सुटे भाग करणारा व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) असो नाहीतर सागवानी दारावर नक्षी काढणारा राउटर, तक्रार एकच असते: "मालक, झेड आपोआप बसतोय." झेड म्हणजे हेड वर-खाली नेणारा उभा ॲक्सिस.

आपोआप काही बसत नाही. स्पिंडल, मोटर, हेड या सगळ्याचं वजन चोवीस तास खालीच ओढत असतं. मशीन चालू असताना सर्व्हो मोटर करंट घेऊन ते तोलून धरते. बंद केल्यावर ते दुसऱ्या कुणीतरी धरायला हवं. ते काम मोटरमधल्या ब्रेकचं: कॉइलला वीज मिळाली की तो उघडतो, वीज गेली की स्प्रिंगनं बसतो. म्हणून या कामात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच प्रश्न विचारत राहायचा: आत्ता, या क्षणी, वजन कुणी धरलंय? उत्तर देता येत नसेल तर त्या हेडखाली हात घालायचा नाही. आडव्या ॲक्सिसला ही काळजी नाही, पण स्लँट बेड टर्निंग सेंटरचा (तिरक्या बेडच्या सीएनसी लेथचा) एक्स ॲक्सिस तिरका असतो, तोही घसरतो. खालचं सगळं त्यालाही लागू आहे.

पहिलं काम ठोकळ्याचं

पॅनेल उघडण्याआधी एक लाकडी ठोकळा करून घ्या. बाभळीचा किंवा सागाचा, दोन्ही तोंडं काटकोनात कापलेली, टेबलवर उभा केला की डुलणार नाही इतक्या रुंदीचा. स्पिंडलमधलं टूल काढा, ठोकळा टेबलवर ठेवा आणि हँडव्हीलनं हेड सावकाश खाली आणा. शेवटचे दोन-तीन मिमी एका शतांश मिमीच्या स्टेपनं उतरा. ठोकळा हेडच्या कास्टिंगखाली येऊ द्या, स्पिंडलच्या तोंडाखाली नको. आतल्या बेअरिंगवर धक्का बसला तर एक दुखणं बरं करताना दुसरं विकत घेतल्यासारखं होईल.

मोटर काढायची असेल, कपलिंग ढिलं करायचं असेल, टायमिंग बेल्ट बदलायचा असेल, तर ठोकळ्याशिवाय सुरुवात नाही. आणि एक गोष्ट नव्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून इथे ठळकपणे सांगतो: ब्रेक चालतो का हे पाहायला मोटरच्या ब्रेक वायरला बाहेरून २४ व्होल्ट देण्याची पद्धत आहे. त्यानं ब्रेक उघडतो, बसत नाही. सर्व्हो बंद असताना असा सप्लाय दिला की हेड सुटलंच. ही तपासणी हेड ठोकळ्यावर टेकलेलं असतानाच करायची.

मशीनमध्ये काय काय आहे ते ओळखा

बॉल स्क्रूमध्ये गोळ्या घरंगळतात, घर्षण फार कमी. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे स्क्रू फिरवून नट जितक्या सहज चढतो, तितक्याच सहज नट खाली ओढला की स्क्रू उलटा फिरतो. "स्क्रू झिजलाय म्हणून झेड पडतो" असं बरेच जण ठामपणे सांगतात. खरं तर उत्तम अवस्थेतला, नुकता ग्रीस घातलेला बॉल स्क्रू जास्त सहज घसरतो. साध्या ट्रॅपेझॉइडल आट्यांचा एकच सुरुवात असलेला स्क्रू मात्र स्वतःच अडकून राहतो. छोट्या टेबलावरच्या मशीनमध्ये ८ मिमी व्यासाचा आणि ८ मिमी लीडचा (लीड म्हणजे एका फेऱ्यात नट जितका सरकतो ते अंतर) स्क्रू येतो, त्याला चार सुरुवाती असतात. तो आट्यांचा दिसत असला तरी अडकत नाही, फसू नका.

पुढे मोटर पाहा. ब्रेक असलेली मोटर बिनब्रेकच्या मोटरपेक्षा लांब असते, तिच्या नेमप्लेटवर ब्रेकचा व्होल्टेज लिहिलेला असतो आणि पॉवर व एन्कोडरशिवाय (मोटर किती फिरली ते मोजणारा) आणखी दोन वायरी येतात. सर्वांत सोपी खूण कानाची आहे. शेड शांत असताना झेडच्या मोटरजवळ उभं राहा आणि दुसऱ्याला सर्व्हो ऑन करायला सांगा. "टक्" असा एक स्वच्छ, कोरडा आवाज यायला हवा. तो ब्रेक उघडल्याचा. बंद करताना पुन्हा एकदा टक्. आवाज दबका आला, उशिरा आला किंवा सोबत किरकिर आली तर ते लक्षात ठेवा.

मोटर आणि स्क्रू थेट कपलिंगनं जोडलेत की मध्ये बेल्ट आहे, हेही बघा. बेल्ट असेल तर मोटरमधला ब्रेक कितीही चांगला असला तरी सगळं वजन त्या बेल्टवर टांगलेलं आहे. बेल्ट तुटला, ब्रेक गेला. अशा मशीनला स्क्रूच्या टोकावर वेगळा ब्रेक बसवणं हाच पक्का उपाय. तोवर बेल्टचे दात आणि ताण वेळच्या वेळी पाहत राहा.

ब्रेकवर नेमका भार किती

हे गणित आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं आहे, भिऊ नका. हेडचं वजन किलोत घ्या, ९.८१ नं गुणा, स्क्रूच्या मीटरमधल्या लीडनं गुणा आणि ६.२८ नं भागा. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं.

हेड २०० किलोचं आणि लीड १० मिमी असेल तर ३.१ न्यूटन-मीटर. तेच हेड १६ मिमी लीडवर असेल तर ५ न्यूटन-मीटर. वजन तेवढंच, पण लीड वाढलं की ब्रेकवरचा भारही त्याच पटीत वाढतो. वेगासाठी जास्त लीडचा स्क्रू बदलून घेणाऱ्यांनी हे आधी मोजायला हवं. निवडलेल्या ब्रेकचा होल्डिंग टॉर्क (धरून ठेवायचा जोर) या आकड्याच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट असावा, कारण ब्रेक जुना होतो, आणि उद्या कुणीतरी हेडवर जड अँगल हेड लावतं.

डायल लावा, मग बोला

"थोडा बसतोय" या तक्रारीवर दुरुस्ती होत नाही. आकडा हवा. स्पिंडल रिकामा ठेवा, हेड टेबलपासून सोयीच्या उंचीवर आणा आणि त्याच्याखाली तोच ठोकळा ठेवा, पण दोघांमध्ये साधारण ३ मिमी फट राहू द्या. म्हणजे काही बिघडलंच तर हेड ठोकळ्यावर टेकेल. मॅग्नेट बेस टेबलवर लावून १० मिमी प्रवासाचा डायल हेडच्या खालच्या बाजूला टेकवा, काटा शून्यावर आणा.

आता तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मशीन बंद करून पाहायचं: आधी इमर्जन्सी दाबून, मग नेहमीच्या क्रमानं कंट्रोल बंद करून, आणि शेवटी चालू मशीनचा मेन स्विच पाडून. तिन्ही वेळा आत वेगवेगळ्या गोष्टी घडतात, त्यामुळे एक चाचणी पास झाली म्हणून बाकीच्या झाल्या असं धरू नका. लाइट जाते तेव्हा मशीनवर तिसरा प्रसंग ओढवतो, आणि नेमकी तीच चाचणी बहुतेक जण सोडून देतात. चालू प्रोग्रॅममध्ये मात्र मेन पाडू नका, ॲक्सिस उभे असतानाच पाडा.

डायलच्या काट्याकडे नीट बघा, कारण काटा कसा हलतो त्यातच निदान आहे.

काटा एकदम दोन-तीन शतांश मिमी सरकला आणि तिथेच खिळला, तर काळजीचं कारण नाही. ब्रेकच्या आतल्या डिस्कला थोडी खेळ असते. १० मिमी लीडच्या स्क्रूवर मोटरचा एक अंश म्हणजे ०.०२८ मिमी, तेवढं हेड बसणारच.

काटा एक झटका मारून अर्धा-एक मिमी किंवा त्याहून जास्त गेला आणि मग पक्का थांबला, तर ब्रेक धडधाकट आहे, तो उशिरा बसतोय. हा टायमिंगचा किंवा वायरिंगचा प्रश्न.

काटा आधी थांबला आणि नंतर सावकाश सरकत राहिला, चहा पिऊन आलात तरी सरकतोच आहे, तर ब्रेक घसरतोय. पॅरामीटर कितीही बदललेत तरी हा बरा होणार नाही, मोटर उघडावी लागेल.

आणि काटा थेट ३ मिमी जाऊन हेड ठोकळ्यावर बसलं, तर वजन कुणीच धरलेलं नाही. ब्रेक नाहीच, किंवा त्याची कॉइल सतत चालू राहते आहे.

घागर हातातून हातात देताना

दुसऱ्या प्रकारावर थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त मशीनं तिथेच अडतात. भरलेली घागर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा घेणाऱ्यानं काठ घट्ट धरल्याशिवाय देणारा सोडत नाही. सर्व्हो आणि ब्रेकचं असंच असायला हवं. ब्रेकला "बस" म्हटल्यावर तो लगेच बसत नाही. कॉइलमधलं चुंबकत्व उतरायला, स्प्रिंगला डिस्क दाबायला काही दशक मिलिसेकंद लागतात, त्यात रिलेचा वेळ मिळवा. तेवढ्यात सर्व्होनं हात काढून घेतला तर मधल्या वेळात हेड हवेत.

तो वेळ नगण्य वाटतो. पण मोकळं सोडलेलं वजन एक दशांश सेकंदात जवळपास ४९ मिमी खाली येतं. आपल्या हेडला येताना स्क्रू आणि रोटर फिरवत यावं लागतं म्हणून ते एक-दोन किंवा थोड्या जास्त मिमीवर निभावतं. कार्बाइड टूल मोडायला तेवढं पुरे आहे.

म्हणून बंद होतानाचा क्रम असा ठेवायचा: ॲक्सिस थांबला, ब्रेकला बसायचा हुकूम गेला, ठरावीक वेळ सर्व्हो तसाच धरून राहिला, मग सर्व्हो ऑफ. चालू होताना उलट: आधी सर्व्हो ऑन होऊन टॉर्क तयार, मग ब्रेक उघडणार. मधला वेळ पॅरामीटरमध्ये टाकता येतो. फानुकमध्ये २००५ नंबरच्या पॅरामीटरच्या सहाव्या बिटनं ब्रेक कंट्रोल चालू होतं आणि २०८३ मध्ये वेळ मिलिसेकंदांत भरतात. सीमेन्सच्या ड्राइव्हमध्ये पी१२१५ नं ब्रेकचा प्रकार ठरतो, पी१२१६ ही ब्रेक उघडण्याची आणि पी१२१७ बसण्याची वेळ. यास्कावामध्ये पीएन५०६, आणि तिथे एक आकडा म्हणजे १० मिलिसेकंद, हे विसरून १५० भरू नका. आपल्या मशीनचं मॅन्युअल उघडून नंबर जुळवा, जुनी व्हॅल्यू वहीत लिहा, बॅकअप घ्या, मगच हात लावा.

किती वेळ भरायचा? ब्रेकच्या माहितीपत्रकात बसण्याची वेळ दिलेली असते. ती ६० मिलिसेकंद असेल तर रिलेचे १०-२० धरा, वर थोडी ऐसपैस जागा ठेवा आणि १५० पासून सुरू करा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा डायल.

वायरिंगमध्ये लपलेले दोष

पॅरामीटर बरोबर असूनही मेन पाडल्यावर हेड झटका खात असेल तर पॅनेलमध्ये शोधा. ब्रेकची कॉइल साधारणपणे २४ व्होल्ट डीसीची असते आणि ती ड्राइव्हच्या आउटपुटवर थेट न लावता रिलेमार्फत चालवतात. या कॉइलला समांतर साधा डायोड लावलेला असेल तर रिले सुटल्यावरही करंट त्या डायोडमधून फिरत राहतो, चुंबकत्व सावकाश उतरतं आणि ब्रेक उशिरा बसतो. डायोडच्या जागी व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेज आला तरच करंट जाऊ देणारा भाग) लावला की ब्रेक बराच लवकर बसतो. काहीच न लावता मोकळं सोडलंत तर रिलेचे काँटॅक्ट जळतील. आणि तोडायचं ते कॉइलच्या डीसी बाजूला. रेक्टिफायरच्या अलीकडे एसी बाजूला तोडलं तर पुन्हा तोच उशीर.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडच्या छोट्या शेडमध्ये फार दिसते. लाइटचा भरवसा नाही म्हणून कंट्रोल आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी सप्लाय) इन्व्हर्टरवर टाकलेला असतो. हेतू चांगला, कंप्युटर बंद पडू नये. पण लाइट गेली की ड्राइव्हची पॉवर जाते, सर्व्हो सुटतो, आणि ब्रेकची कॉइल मात्र इन्व्हर्टरवर खुशाल चालू. म्हणजे ज्यानं धरायचं त्यालाच आपण उघडं ठेवलेलं असतं. ब्रेकचा सप्लाय इन्व्हर्टरवरून काढून घ्या, आणि ब्रेक रिलेच्या लाइनमध्ये ड्राइव्हच्या सर्व्हो रेडी सिग्नलचा काँटॅक्ट सिरीजमध्ये टाका. ड्राइव्हनं कुठल्याही कारणानं हात टेकले की ब्रेक बसलाच पाहिजे.

इमर्जन्सीचंही तसंच. बटण दाबताक्षणी ड्राइव्हचा टॉर्क तुटत असेल तर तिथे टाइम डिले असलेला सेफ्टी रिले हवा, म्हणजे ब्रेकला हुकूम ताबडतोब आणि टॉर्क तुटणं थोडं मागाहून. हे काम सेफ्टी सर्किट समजणाऱ्याकडूनच करून घ्या.

दोन नावांनी गोंधळ होतो. डायनॅमिक ब्रेक आणि ब्रेकिंग रेझिस्टर यांपैकी कुणीही वजन धरत नाही. डायनॅमिक ब्रेक मोटरच्या वाइंडिंग शॉर्ट करून तिला हळू करतो, हेड सावकाश खाली येतं पण येतंच. रेझिस्टर तर फक्त मोटरनं परत पाठवलेली वीज जाळतो.

ब्रेक का घसरतो

मोटरमधला ब्रेक धरून ठेवण्यासाठी असतो, धावतं हेड थांबवण्यासाठी नाही. रॅपिडमध्ये (न कापता जोरात धावताना) असताना वारंवार इमर्जन्सी दाबली, किंवा टायमिंग चुकून दर वेळी फिरत्या मोटरवर ब्रेक बसला, की अस्तर झिजतं. झिजलं की मधली फट वाढते, मग कॉइलला प्लेट पूर्ण ओढता येत नाही, ब्रेक अर्धवट उघडा राहून घासतो, मोटर तापते.

दुसरं कारण तेल. झेडची मोटर वर आणि शाफ्ट खाली असं असेल तर बरं, पण गिअरबॉक्स किंवा वंगणाची लाइन मोटरच्या बाजूला असेल तर ऑइल सील गेल्यावर तेल शाफ्टच्या कडेनं आत झिरपतं. ब्रेकच्या डिस्कवर त्याचा पातळ, तपकिरी थर बसतो. बोट लावलं तर चिकट लागतं. पेट्रोलनं पुसून पुन्हा बसवण्याचा मोह टाळा, अस्तरानं तेल पिलेलं असतं. डिस्क किंवा पूर्ण ब्रेक बदला आणि आधी सील बदला, नाहीतर नवाही तसाच जाईल.

तिसरं, व्होल्टेज. लांब आणि बारीक वायरीमुळे कॉइलपर्यंत २४ ऐवजी २१ व्होल्टच पोचत असतील तर ब्रेक नीट उघडत नाही आणि घासून मरतो. मीटर एसएमपीएसवर न लावता मोटरच्या कनेक्टरवर लावून मोजा, ब्रेक उघडा असताना. कॉइलची अवस्था पाहायची तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: २४ व्होल्ट, १२ वॅटच्या कॉइलला ४८ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स मिळायला हवा.

राउटरवाल्यांसाठी

दारं, देवघरं, बोर्ड कापणाऱ्या राउटरवर बहुधा स्टेपर मोटर असते आणि ब्रेक नसतोच. हेड ९ किलोचं, स्क्रू ५ मिमी लीडचा धरला तर भार ०.०७ न्यूटन-मीटर येतो. बंद स्टेपर आपल्या कायमच्या चुंबकांमुळे थोडी अडते, पण नेमा २३ आकारात ती अडवणूक ०.०५ च्या आसपासच. उरलेलं घर्षणावर निभावतं. म्हणूनच थंड असताना झेड थांबतो आणि ग्रीस पातळ झाल्यावर सरकतो. लीड १० केलं की ०.१४, मग थांबायचा प्रश्नच नाही.

स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे गॅस स्प्रिंग. किचन कपाटाच्या झाकणाला लावतात तीच. तिच्यावर ८०, १०० असे न्यूटनचे आकडे छापलेले असतात. ९ किलो म्हणजे ८८ न्यूटन, तेव्हा ८० ची एक पुरते. तिचा स्ट्रोक झेडच्या प्रवासापेक्षा मोठा हवा आणि ती शक्य तितकी उभी बसवा, तिरकी लावली तर जोर जागोजाग बदलतो. आपल्या हवेचाही हिशेब धरा. आतला वायू तापला की दाब वाढतो. हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या सकाळपासून मे महिन्यातल्या ४२ अंशांपर्यंत जोर सुमारे ९ टक्क्यांनी चढतो. अगदी काठोकाठ तोलून घेतलंत तर उन्हाळ्यात हेड वर सरकायला बघेल. थोडी कमीच घ्या.

मात्र गॅस स्प्रिंग असो, साखळीवरचं काउंटरवेट असो की मोठ्या व्हीएमसीचा नायट्रोजन सिलिंडर, हे सगळे भार हलका करणारे मदतनीस आहेत. वायू गळतो, साखळी तुटते. मोठ्या मशीनवर त्यांच्या जोडीला ब्रेक हवाच. राउटरवरही मागे शाफ्ट निघालेली स्टेपर मिळाली तर तिच्यावर २४ व्होल्टचा छोटा ब्रेक बसतो. तो बसेपर्यंत रोज बंद करताना झेड एका मऊ लाकडी तुकड्यावर टेकवून मगच स्विच पाडा.

चालू ठेवायची सवय

महिन्यातून एकदा तीच तीन चाचण्या, तोच डायल, आकडे तारखेसह पॅनेलच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर. मशीन ठीक असताना झेड नुसता उभा असतानाचा लोड मीटरचा आकडाही तिथेच लिहून ठेवा. तो पुढे चढला तर काउंटरबॅलन्सचा दाब उतरला असेल. उभ्या स्थितीतला आकडा तोच राहून हलतानाचा चढला तर ब्रेक घासत असेल. दोन्ही गोष्टी हेड पडायच्या बऱ्याच आधी कळतात.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा डायल आणि मॅग्नेट बेस पिशवीत टाकून न्या. विकणारा प्रोग्रॅम चालवून दाखवेल, स्पिंडलचा आवाज ऐकवेल. ते होऊ द्या. मग स्पिंडल रिकामा करून, खाली ठोकळा ठेवून, त्याच्याच हातानं मेन पाडायला सांगा आणि काट्यावरची नजर पाच मिनिटं हलवू नका. काटा सरकत राहिला तर ब्रेकसकट मोटरची किंमत काढून घ्या, आणि मगच पुढचं बोला.